कुरणाची मोकळ

२ जुलै १९४९

पोचलो एकदाचा. बऱ्हाणपूरला उतरलो तेव्हा सगळं सामान जागेवर, फक्त छत्री गाडीतच राहिली. शारदा म्हणते, यांची छत्री हरवली की समजावं, आता दुसरं काही हरवणार नाही. तेव्हा प्रवास शुभ झाला म्हणायचा. राजघाटावर तापीत बुडी मारली, इतवाऱ्यात माव्याची जिलबी हाणली आणि कडूच्या बैलगाडीतून तुकईथडच्या वाटेवरच्या या कुरणात दिवस मावळायच्या आत दाखल झालो. कडू सबंध वाटेत दोनच वाक्यं बोलला, आणि तीही बैलांशी.

हे कुरण एका चिमुकल्या संस्थानाच्या घोड्यांसाठी राखलेलं होतं. आता संस्थान विलीन झालं, घोडे विकले गेले आणि गवत सरकारजमा झालं. त्या गवताबरोबर मीही इथे जमा झालो. नागपूरच्या साहेबांनी निरोप देताना सांगितलं की चराईचा प्रयोग नीट करून दाखवलास तर इथे कायमचं केंद्र होईल आणि तूही कायम होशील. नाहीतर दोघांनाही गुंडाळू. साहेब विनोदी आहेत, पण असले विनोद ते खरे करून दाखवतात.

राहायला कुरणातच बंगला आहे. बंगला हा कागदावरचा शब्द. मातीच्या भिंती, दोन खोल्या, पुढे ओटा आणि वर याच कुरणातल्या गवताचं हातभर जाडीचं छप्पर. आत माठात बसल्यासारखं गार वाटतं. शारदा आणि वंदना दिवाळीला येणार. लग्नापासून आम्ही कधी काकांच्या माडीवर, कधी सासऱ्यांच्या मागच्या खोलीत राहिलो. हे पहिलं आमचं घर. आज मी फार आनंदात आहे.

६ जुलै

लोक हिरे पारखतात, मी गवत पारखतो, आणि त्यावरून सासुरवाडीला माझी पुरेशी थट्टा होऊन गेली आहे. पण इथलं गवत पाहून मेहुण्यांनीसुद्धा टोपी काढली असती. उतारावर पवना, ओढ्याच्या अंगाला मारवेल, मध्ये कुंदा. कुसळी जवळजवळ नाहीच. आजूबाजूची गावरानं गुरांनी खरवडून खाल्लेली आणि हे मात्र पन्नास वर्षांत कुणी हात न लावल्यासारखं. कारण काय, ते शोधायलाच मला पाठवलं आहे.

स्वयंपाकाला सोजरबाई येतात. साठीच्या असतील. भाकरी अशी करतात की तिच्याबरोबर कालवण लागू नये. त्यांची एक खोड मात्र आहे. माझं वाढून झालं की आपली भाकरी फडक्यात बांधून कुरणाच्या गडग्याबाहेर, म्हणजे रचीव दगडांच्या कुंपणापलीकडे, जातात आणि तिथे दगडावर बसून खातात. ओट्यावर बसा म्हटलं तर हसून मान हलवतात. सोवळंओवळं असेल म्हणून मी नाद सोडला.

कोठीत गेल्या सालची मारवेल रचून ठेवलेली सापडली. अजून सोन्यासारखी पिवळी आणि मऊ. दुपारभर बसून वंदनासाठी तिची गादी केली. खोळ शिवताना बोटं टोचून घेतली, पण गादी झकास झाली. कापूस काय, कुणाच्याही पोरीला मिळतो.

१६ जुलै

तार आली. म्हणजे काटेरी तार, निरोपाची नव्हे. सरकारी माल वेळेवर येतो हा चमत्कारच. गडग्याच्या आतून सगळीकडून खांब रोवून तार ओढली. चराईच्या प्रयोगाचं सूत्रच हे आहे, आतल्या गुरांशिवाय दुसऱ्या कुणाचं तोंड आतल्या गवताला लागता कामा नये.

गडग्याला ओढ्याच्या बाजूला एक मोठी फट आहे, दोन गाड्या बरोबरीने जातील एवढी. लोक तिला मोकळ म्हणतात. पडझड दिसत नाही, मुद्दाम ठेवलेली आहे, कडा नीट रचलेल्या आहेत. मी म्हटलं, बुजवा. गडी एकमेकांकडे पाहू लागले. कडू बैल सोडून निघून गेला. शेवटी मीच बाह्या सरसावून दगड रचले आणि त्यावरून तार ओढली.

संध्याकाळी सोजरबाईंनी ते पाहिलं. त्यांचं एवढंच म्हणणं होतं: "साहेब, वाट ठेवजा. बंद कुरन त्याइले चालत नाही." कुणाला चालत नाही म्हणून विचारायला हवं होतं. मी हसून म्हटलं, सरकारला चालतं.

२४ ऑगस्ट

काल पोळा झाला. गावचे बैल रंगवलेल्या शिंगांनी आणि झुलींनी मिरवत आमच्या फाटकाशी आले आणि थबकले. वाजंत्री वाजत राहिली, बैल मात्र पुढे येईनात. मग एकाएकी सगळे मागे वळले. लोकांनी कुणी ओरडलं नाही की मारलं नाही, तेही गुपचूप बैलांच्या मागे गेले. अख्ख्या गावाने माझ्यावर बहिष्कार टाकावा हे समजू शकतो. बैलांनी टाकावा याचं वाईट वाटलं.

प्रयोगासाठी आणलेल्या आमच्या चार कालवडी मात्र आनंदात आहेत. पवना, कुंदा, मारवेल, हरळी. गवताची नावं मीच ठेवली. सोजरबाईंना हा प्रकार मुळीच आवडलेला नाही. जित्राबाला चाऱ्याचं नाव देऊ नये म्हणतात. कालवडी दिवसभर गवतात तोंड खुपसून असतात बिचाऱ्या. शितावरून भाताची परीक्षा करायची तर प्रयोग फत्ते आहे.

एक गोष्ट लिहून ठेवतो. आज तारेभोवती फेरी मारली. बाहेरच्या चिखलात सगळीकडे खुरांचे ठसे दिसले, दाटीवाटीने, खांद्याला खांदा लावून उभं राहावं तसे. सगळ्यांची तोंडं आत. येतानाचे ठसे नाहीत, जातानाचे नाहीत.

५ सप्टेंबर

तार आत वाकते आहे. गुराची छाती जेवढ्या उंचीवर असते तेवढ्याच उंचीवर, चहूबाजूंनी. मी ताणून घेतो, सकाळी पुन्हा वाकलेली. काट्यांना केस अडकलेले असतात. जिवंत गुराच्या केसाला थोडी तरी तुकतुकी असते. हे बोटात धरले की भुकटी होते.

कालवडींची छाती फितीने मोजली. कमी भरली. चूक झाली असेल म्हणून पुन्हा मोजली. मग नुसतं पाहिलं तरी कळलं. फासळ्या दिसू लागल्या आहेत. गवत त्यांच्या पोटापर्यंत उभं आहे आणि त्या उठल्यापासून खात असतात. जंताचं औषध पाजलं.

आणखी एक. मी ओट्यावर बसून बराच वेळ त्यांच्याकडे पाहत होतो, काय चुकतंय ते कळेना. मग ध्यानात आलं. एकही कालवड रवंथ करत नव्हती.

२० सप्टेंबर

कुंदा सकाळी मेली. बऱ्हाणपुराहून गुरांचे डॉक्टर आले होते, ते तिथेच होते. त्यांच्या देखत तिने शेवटपर्यंत गवत ओरबाडलं. तोंडात घास होता तशीच कोसळली.

डॉक्टरांनी तिथेच पोट फाडलं. कोठा रिकामा. नुसता रिकामा नाही, घासून ठेवलेल्या पातेल्यासारखा स्वच्छ. आम्ही दोघांनी तिला खाताना पाहिलं होतं. डॉक्टर बराच वेळ हात धूत बसले. चहा घेता का विचारलं तर नको म्हणाले. जाताना मला बाजूला घेऊन त्यांनी विचारलं की तुम्ही स्वतः किती उतरलात, कधी पाहिलंत का.

पाहिलंय. पट्ट्याला खिळ्याने नवी भोकं पाडतोय. सोजरबाई हल्ली माझ्यासाठी दुप्पट भाकऱ्या थापतात. सगळ्या खातो आणि ताटावरून उपाशीच उठतो. त्या बाहेर दगडावर बसून का जेवतात हे आज मला कळल्यासारखं वाटलं. विचारायला धीर झाला नाही.

शारदाला लिहायला बसलो होतो की यंदा येऊ नका. मग वाटलं, काय लिहू? घर मिळालं, पण यायचं नाही? तिने किती वर्षं या घराची वाट पाहिली. फाडून टाकलं.

९ ऑक्टोबर

साहेबांचा हुकूम आला. गवत कापा, वजन करा, गंज्या बऱ्हाणपूरच्या गोदामात पाठवा. गावातून एकही विळा आला नाही. वसुबारसेआधी इथे विळा लागत नाही म्हणाले. मी परगावची माणसं आणली आणि कापून घेतलं, ओढ्यापासून फाटकापर्यंत. गाड्या भरून गेल्या. नुसते खुंट उरलेत. कालवडी त्या खुंटांवर जिभा घासत फिरतात.

सोजरबाई सकाळी आल्या आणि फाटकाबाहेरच थांबल्या. आत आल्याच नाहीत. मीच गेलो. तेव्हा त्यांनी सांगितलं. मी जुलैत विचारलं असतं तर तेव्हाच सांगितलं असतं.

छप्पनचा दुष्काळ, संवत १९५६ चा, म्हणजे पन्नास वर्षांपूर्वीचा. त्या तेव्हा लहान होत्या. तापीसुद्धा आटून डबक्यांत आली होती. सगळ्या मुलखात गवत फक्त इथे उरलं होतं, ओढ्याच्या ओलीवर. संस्थानाने घोड्यांसाठी कुरण बंद केलं, मोकळ दगडांनी बुजवली आणि पहारे बसवले. तापीकाठच्या गावांनी गुरं सोडून दिली होती, खायला घालायला काही नव्हतं. ती वासाने इथे आली. हाकलली तरी गेली नाहीत. गडग्याला छाती लावून, आत तोंड करून उभी राहिली आणि उभ्याउभ्याच मेली. सोजरबाईंची चांदी गाय त्यांत होती. त्यांनी तिला हाक मारली, तिने मान वळवली नाही.

पुढच्या साली संस्थानाचे घोडे चरून चरून उपाशी मेले. तेव्हापासून मोकळ उघडी असते. वसुबारसेला गोरज वेळी सगळे कुरणाबाहेर पडतात. तेवढ्या वेळात जे यायचं ते येतं, खातं, जातं. कुणाचं काही नेत नाही. मग विळा लागतो.

"आधी त्याइचं पोट, साहेब. मग आपलं." एवढं म्हणून त्या गेल्या. भांडी घासायलाही आत आल्या नाहीत.

१० ऑक्टोबर

शारदाला पत्र टाकलं. येऊ नका. काहीही झालं तरी येऊ नका. कडूच्या हाती दिलं. हे तीन आठवड्यांपूर्वीच करायला हवं होतं.

१५ ऑक्टोबर

त्या आल्या.

पत्र वाटेतच असणार. चार दिवस आधीच निघाल्या, मला चकित करायला. कडूची गाडी फाटकाशी थांबली, बैल आत येईनात, म्हणून शारदा वंदनाला कडेवर घेऊन चालत आत आली. मी ओट्यावरून पाहत होतो. ओरडायचं होतं. पण ती हसत होती, घराकडे पाहून हसत होती. मग तिने मला पाहिलं आणि तिचं हसू गेलं.

कडूला म्हटलं, आत्ताच्या आत्ता यांना परत ने. त्याने बैलांकडे बोट दाखवलं. बैल जू टाकून पळत सुटले होते. पकडून उद्या-परवा आणतो म्हणाला आणि त्यांच्यामागे धावला.

वंदनाला गादी फार आवडली. उठायलाच तयार नाही. तिच्यावर लोळते, वास घेते. मला जवळ बसवून घेतलं.

१६ ऑक्टोबर

शारदाला सगळं सांगितलं. तिने ऐकून घेतलं. म्हणाली, तुम्ही आजारी आहात, आपण निघू. चालत निघालो. फाटकापाशी माझी छाती कशाला तरी टेकली. जत्रेच्या गर्दीत माणूस अडकतो तसे अडकलो, पुढे सरकता येईना. समोर मात्र काही नाही, मोकळा रस्ता, ऊन. अंगावर वाफ येत होती. श्वासाची. शारदाच्या लुगड्याचा पदर कशात तरी धरला गेला, फाटला. फाटलेला तुकडा खाली पडलाच नाही.

परत आलो. शारदा आता मला आजारी म्हणत नाही.

वंदनाने दिवसभर दूध मागितलं.

१७ ऑक्टोबर

तिची मनगटं. काल अशी नव्हती. शारदाने बरोबर आणलेलं डब्याचं दूध वाटीमागून वाटी पिते आणि पोटाला हात लावून सांगते, भू लागली. बाबा, भू.

मी माझी भूक सहन करीन. कुंदाचा कोठा डोळ्यांसमोरून जात नाही.

उद्या वसुबारस. मोकळ उघडतो. मी बंद केली, मीच उघडीन. त्यांना खाऊ दे, जाऊ दे. सोजरबाई म्हणाल्या होत्या, कुणाचं काही नेत नाहीत. प्रयोग गेला खड्ड्यात. नोकरी गेली खड्ड्यात. पोर वाचू दे.

१८ ऑक्टोबर, सकाळ

तार तोडली. दगड काढले. हात सोलवटलेत. मोकळ उघडी आहे. तिच्यातून बाहेर पडू पाहिलं, तर फाटकासारखीच छाती अडली. शारदाने मोकळीशी हळदकुंकू वाहिलं, हात जोडले. तिथे उभं राहून ती म्हणाली, "पण अहो, यांना खायला काय आहे आत?"

मी मागे वळून पाहिलं. खुंट. पार फाटकापर्यंत खुंट.

सगळं गोदामात आहे. मीच पाठवलं—

संध्याकाळ

गोरज वेळ. धूळ दिसते आहे. मोकळीतून आत येतेय. धुळीत काही नाही. गळ्यातल्या लोढण्यांचा आवाज, लाकडावर लाकूड. खूप आहेत.

आम्ही तिघं आतल्या खोलीत. दार लावलंय. शारदाने वंदनाला गादीवर निजवलंय, थोपटतेय.

कालवडी ओरडल्या. आता ओरडत नाहीत.

खुंट उपटतायत. मुळासकट. जमीन खरवडल्याचा आवाज—

थांबले.

घराभोवती आहेत. भिंतींना अंग घासतात. माती पडतेय. जातील. खाऊन जातात. कुणाचं काही—

छप्पर. छप्पर ओढतायत. कुरणाचंच गवत, हातभर, माझ्या ध्यानातच— वरून उजेड येतोय. फराफरा ओढतात. चावण्याचा आवाज डोक्यावर. शारदा, बाहेर नको, भिंतीशी ये, छप्पर खाऊन झालं की आत गवत कुठे आहे, आत गवताचं काही नाही, आत काही

वंदना हसतेय. कुणीतरी तिच्या कानाशी हुंगतंय म्हणून हसतेय.

गादी. मारवेलची

शारदा उचल तिला गादीवरून उच